पंचफुलाबाईंचं स्टेअरिंग

एसटीतून रिटायर झाल्याच्या आठव्या दिवशी पंचफुलाबाईंनी पुण्याला लेकाला फोन लावला आणि आपण कॉम्प्युटर घेणार असल्याचं जाहीर केलं. सुगतला वाटलं, पेन्शनचे फॉर्म भरायचे असतील. तो म्हणाला, आई, त्याला मोबाइल पुरे होतो. बाई म्हणाल्या, "फॉर्मला न्हाई रे. गेम खेळायला." यावर फोनच्या त्या टोकाला एवढी शांतता पसरली, की रेंज गेली असं समजून बाईंनी दोनदा हॅलो हॅलो केलं.

आता लेकाला धक्का बसावा असं यात काही नव्हतं, पण लेकांना आया कुठं माहीत असतात? पंचफुलाबाईंनी सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली, आणि त्यातली सतरा नांदेड-लातूर गाडीवर. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर. आणि तसंच परत. या सतरा वर्षांत त्यांचे हात तिकिटं देत होते खरे, पण डोळे ड्रायव्हरच्या हातांवर असायचे. कुठल्या चढाला तिसरा गियर टाकायचा, कुठल्या पुलाच्या अलीकडे पाय उचलायचा, कुठल्या गावात म्हशी रस्त्यात बसतात, सगळं त्यांना पाठ होतं. गाडी तेवढी त्यांनी कधी चालवली नव्हती. एकदा डेपोच्या आवारात त्यांनी आपल्याच गाडीवरच्या देविदास ड्रायव्हरला विचारलं होतं, की दहा फूट पुढं घेऊ का. देविदास इतका हसला की बाकीचे ड्रायव्हर चहा टाकून काय झालं म्हणून बघायला आले. त्यांनी परत विचारलं नाही. पुढं एसटीत बायकांनाही स्टेअरिंगवर घेऊ लागले, तेव्हा बाईंची पन्नाशी आली होती. जाहिरातीतला वयाचा आकडा त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. आकडा जागचा हलला नाही.

मग रिटायर झाल्यावर त्या चार दिवस लातूरला बहिणीकडे गेल्या. बहिणीची सून रूपाली दुपारची कामं उरकली की कॉम्प्युटरवर गेम खेळायची. त्यात एक बसचा गेम होता. रूपालीनं सहज विचारलं, "मावशी, घेता का जरा?" आणि मावशींनी रिकामी बस घेतली ती पाऊण तास सोडली नाही. दोन खांब पाडले, एका घराच्या अंगणात शिरल्या, शेवटी बससकट नदीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते आणि गेल्या कित्येक वर्षांत त्या एवढ्या खूश झाल्या नव्हत्या. कीबोर्डच्या बटणांनी गाडी वळवायची हे मात्र त्यांना पटेना. रूपाली म्हणाली, "याला खरंखुरं स्टेअरिंगबी मिळतंय, मावशी." बस्स, ते एक वाक्य ऐकलं आणि बाईंना लातुरात करमेना.

बजेट त्यांनी नांदेडला परत येताना गाडीतच ठरवून टाकलं. शिल्लक रजेचे पैसे आले होते. त्यातून घराचा स्लॅब गळत होता त्याचं बाजूला काढलं. उरल्यातून किती खर्चावे? बाईंनी इकडं तिकडं पाहिलं. दाराशेजारी लिहिलं होतं : बसून चव्वेचाळीस, उभे अकरा. सव्वीस वर्षं हा आकडा त्यांनी पाळला होता, आता काय मोडायचा? हजाराला एक माणूस. चव्वेचाळीस हजार रीतसर, अगदीच गळ्याशी आलं तर वरचे अकरा उभे. छप्पन्नावा चढला तर गाडी हलणार नाही.

देविदास त्यांच्याच गल्लीच्या पलीकडे राहायचा. तो दोन वर्षं आधी रिटायर झाला होता. गुडघे गेले होते, तोंड शाबूत होतं. रोज चार वाजता तो बाईंकडे चहाला यायचा आणि नव्या ड्रायव्हरांना नावं ठेवायचा. त्याला बेत कळला तेव्हा बशीतला चहा तसाच धरून तो म्हणाला, "खेळण्यातली गाडी हाकणार म्हणा की."

"हाव," बाई म्हणाल्या.

"त्याला क्लच असतो का?"

"ते जाऊन बगायचंय."

"मग मी येतो. तुम्हाला ते कायबी गळ्यात मारतील," देविदास म्हणाला. कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण गाडीचा विषय निघाल्यावर घरी बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

वजिराबादेत एका गल्लीत पहिल्या मजल्यावर बुद्धप्रियाचं दुकान होतं. बुद्धप्रिया तिशीची, केसात पेन खोचायच्या जागी स्क्रू ड्रायव्हर खोचलेली, आणि अशी शांत, की गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी ती आपलं बोर्डावरची धूळ ब्रशनं झाडत राहायची. पहिला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला तिच्याकडे सगळी पोरंसोरं यायची. खाकी साडी नुकतीच सुटलेली बाई आणि तिच्यामागं गुडघे धरत जिना चढणारा माणूस, हे गिऱ्हाईक तिलाही नवीन होतं.

"बजेट किती आहे, काकू?"

"चव्वेचाळीस बसून, अकरा उभे," बाईंनी सांगितलं, आणि मग समजावूनही सांगितलं. बुद्धप्रियाला हे फार आवडलं. तिनं कागद ओढला.

"मग बसवत जाऊ. हा प्रोसेसर. सगळा विचार हाच करतो. दहा सीट."

"बसवा."

"हा मदरबोर्ड. ह्याच्यावरच बाकी सगळे बसतात."

"म्हणजे गाडीच की ती. गाडीला कशाचं तिकीट?"

"लागतं, काकू. सात."

बाईंनी नाक मुरडलं, पण बसू दिलं. मग रॅम आली. बुद्धप्रिया म्हणाली, ही एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान जोडीनं घ्यायच्या, काम जलद होतं. फक्त त्या मधली एक जागा सोडून बसवायच्या. देविदास म्हणाला, "नवराबायको असून लांब लांब? भांडण झालेलं दिसतंय." पॉवर सप्लायला तिनं सांगितलं की इथं पैसे वाचवू नका, आपल्याकडं लाइट कशी येते-जाते तुम्हाला ठाऊकच आहे, स्वस्तातला घेतला तर एक दिवस बाकीच्यांनाही घेऊन जाईल. हे मात्र देविदासला एकदम पटलं. खराब डिझेल पंपानं त्याला चाकूरच्या पुढं एकदा सहा तास उभं केलं होतं, ती हकिकत त्यानं पहिल्यापासून सांगितली. बुद्धप्रियानं ती पूर्ण ऐकून घेतली. मग कॉम्प्युटरचा रंगीत दिव्यांचा, काचेचा डबा पाहून देविदास अडून बसला, की डबा घ्यायचा तर हाच. लाल, निळा, हिरवा; लग्नाच्या गाडीला लाजवील असा.

आणि मग आलं ग्राफिक्स कार्ड. बुद्धप्रियानं खोकं टेबलावर ठेवलं. "चित्र काढायचं काम ह्याचं. झाडं, सावल्या, पाऊस, काचेवरचे थेंब. पंधरा सीट."

"एकटा पंधरा सीटवर बसणार?" बाई म्हणाल्या. "कोण हाय हा? आमदार?"

"गेमवाले आधी त्यालाच बसवतात, काकू. बाकीचे नंतर."

बाईंना हा प्रकार ओळखीचा वाटला, म्हणून त्यांनी कुरकुरत त्यालाही घेतलं. मॉनिटर आठ. सगळे मिळून गाडी खच्चून भरली, उभे अकराही झाले, आणि बाईंच्या ध्यानात आलं की ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते स्टेअरिंग खालीच राहिलंय.

बुद्धप्रियानं आधी स्वस्तातलं काढलं. छोटंसं चाक, दोन पेडल. देविदासनं वाकून पाहिलं, उचलून उलटं करून पाहिलं, आणि विचारलं, "क्लच?"

"ह्याला नसतो, काका. गियर आपोआप पडतात."

"मग ही लुना झाली," देविदास म्हणाला. "हिच्यावर बसून ह्यांनी ड्रायव्हर म्हणवून घ्यायचं? मी हाय तवर तरी न्हाई."

तेव्हा बुद्धप्रियानं वरच्या फळीवरून मोठं खोकं उतरवलं. त्यावर एवढी धूळ होती की खपाचं काही लक्षण नव्हतं. आत कातड्यानं मढवलेलं चाक, गियरची दांडी आणि तीन पेडल. पोरं येऊन हात लावून जातात, घेत कोणी नाही, असं ती म्हणाली. तिनं ते टेबलाला आवळून बसवलं. पहिल्यांदा अर्थातच देविदास बसला. त्यानं डोळे मिटून क्लच दाबला, दांडी हलवली, हळूहळू पाय सोडला आणि मान डोलावली. क्लच थोडा हलका आहे म्हणाला, पण आहे.

मग बाई बसल्या.

त्यांनी चाकावर हात ठेवले. समोर पडदा नव्हता, रस्ता नव्हता, नुसती दुकानाची भिंत आणि भिंतीवर केबलींची वेटोळी. तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात चाकावरून काढायचे नव्हते. "हे घ्यायचं," त्या म्हणाल्या.

"हे बावीस आहे, काकू."

"हे घ्यायचं. बाकीच्यांचं बगू."

आता उतरवायचं कोणाला? गर्दीच्या गाडीतून माणूस उतरवणं हे काम पंचफुलाबाईंसारखं अख्ख्या डेपोत कोणाला जमत नसे. त्यांनी कागद ओढून घेतला आणि पदर खोचला. मॉनिटर उतरवला, घरी भिंतीवर टीव्ही होता. दिव्यांचा डबा उतरवला, साधा पत्र्याचा चढवला; देविदासनं तोंड वाकडं केलं तिकडं दुर्लक्ष केलं. मग पेन आमदारावर येऊन थांबलं.

"हा उतरला तर?" त्यांनी विचारलं.

बुद्धप्रियानं थोडा विचार केला. "असं करता येईल. प्रोसेसर दोन हजारानं भारी घेऊ, चित्र काढणं त्याच्या अंगातच असतं असला. गेम चालंल. पण साधा दिसंल. झाडं कमी, सावल्या न्हाईत. गवत तर नसल्यातच जमा."

"लातूर रोडला कुठं होती सावली?" बाई म्हणाल्या. "उतरवा त्याला."

"जागा मात्र ठेवते हं, बोर्डावर. पैसे आले की बसवता येईल."

"राखीव लिहा," बाईंनी सांगितलं. बेरीज केली. पंचावन्न. छप्पन्नावा कोणी नव्हता. देविदासनं ती बेरीज दुसऱ्यांदा केली, कारण त्याला काहीतरी चूक काढायची होती, निघाली नाही.

रविवारी दुपारी बुद्धप्रिया सगळं जोडून घेऊन आली. शिलाई मशीनच्या टेबलाला चाक आवळलं. पेडल फरशीवर पुढं सरकायला लागले, तेव्हा देविदासनं परसातून दोन विटा आणून भिंतीला टेकवल्या. समोर टीव्ही लागला आणि त्यावर बस उभी राहिली. कुठल्या तरी परमुलखातलं गाव होतं, स्वच्छ, उघडंबोडकं. रस्त्यावर एक म्हैस नाही की एक कागद नाही. झाडं दोन-तीन होती आणि ती लांबून खांबासारखी दिसत होती.

बाईंनी क्लच दाबला, पहिला टाकला, पाय सोडला. गाडी बंद पडली. परत तेच. देविदास पाठीमागं खुर्चीच्या काठावर येऊन, जणू आपलाच पाय पेडलवर असल्यासारखा, "हाफ क्लच, बाई, हाफ क्लच," म्हणत होता. चौथ्या वेळी गाडी एक झटका देऊन निघाली. बाईंनी दुसरा टाकला. तिसरा टाकला. वळण आलं, आरशात पाहून, मागची बाजू फुटपाथला न घासता त्यांनी ते काढलं. देविदास गप्प झाला. तो गप्प झाल्याचं बाईंच्या कानांनी टिपलं आणि त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या.

पहिला थांबा आला. गाडी थांबली, बटण दाबून दार उघडलं. निळा कोट घातलेला एक उंच माणूस चढला, बाईंच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला आणि नोट पुढं केली. त्याच्यामागं म्हातारी, तिच्यामागं आणखी चौघं. कोणी हलेना.

"हा कामून उभा ऱ्हायला?" बाईंनी विचारलं.

बुद्धप्रिया जरा चाचरली. "काकू, तिकीट मागतोय. ह्या गेममधे, म्हणजे तिकडच्या देशात, कंडक्टर नसतो. ड्रायव्हरच तिकीट देतो."

लातूरला रूपालीनं त्यांना रिकामी बस दिली होती. हे काही तिथं कळलं नव्हतं. पंचफुलाबाईंनी त्या निळ्या कोटाकडे पाहिलं. पडद्यावर खाली तिकिटांची बटणं आली होती, सुट्ट्या नाण्यांचा ट्रे आला होता. परत तेच सुट्टे. सव्वीस वर्षं पोटाशी बांधलेली ती चामड्याची पिशवी उतरवून अजून दोन महिने झाले नव्हते.

"म्हंजे मी परत तिकिटंच द्यायची?" त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की देविदासनं दचकून त्यांच्याकडे पाहिलं. पंचावन्न हजार घातले, आमदार उतरवला, आणि शेवटी सुट्ट्या पैशांसाठीच. त्यांना त्या परमुलखाचा, तिथल्या एसटीचा आणि त्या निळ्या कोटाचा भयंकर राग आला.

"सेटिंगमधे बंद करता येतंय ते," बुद्धप्रिया घाईघाईनं म्हणाली. "मग कोणी काही मागत न्हाई. नुसते बसतात."

"फुकट?"

"गेम आहे, काकू."

"माझ्या गाडीत बिनतिकीट कोणी बसलेलं न्हाई आजपर्यंत," बाई म्हणाल्या. बोलल्या आणि स्वतःच अडकल्या. तिकीट द्यावं तर हात चाकावरून काढायचा, न द्यावं तर सगळी गाडी बिनतिकीट. दोन्ही त्यांना मान्य नव्हतं. निळा कोट नोट धरून उभाच होता. त्याला घाई नव्हती. बाईंचा उजवा हात चाकावरून सुटून माऊसकडे जायला लागला. सव्वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. देविदास खुर्चीसकट त्यांच्या शेजारी आला, त्यानं माऊस आपल्याकडे ओढला आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही हात काढू नका तिथला. ह्यांना मी बगतो."

बाईंनी हात परत जागेवर ठेवला आणि चाक घट्ट धरलं. बुद्धप्रियानं दोघांकडे पाहिलं, चहाचा कप विसळून ठेवला आणि काही लागलं तर फोन करा म्हणून निघून गेली.

देविदासनं बगतो म्हटलं खरं, पण बघणं काही सोपं नव्हतं. निळ्या कोटाला त्यानं दिवसभराचा पास दिला आणि वर त्याच्याच नोटेपेक्षा जास्त सुट्टे परत केले. म्हातारीला सुट्टे कमी दिले; ती तिच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली.

"ही काय म्हणून ऱ्हायली?" त्यानं घाबरून विचारलं.

"पैसे कमी दिलेत तुम्ही," बाई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. त्यांना ती भाषा येण्याची गरज नव्हती.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"आवो, चेहरा बगा की तिचा."

त्यानं आणखी एक नाणं सारलं. म्हातारी पुढं गेली. पुढच्या थांब्यावर आठजण होते, त्याच्या पुढच्यावर अकरा. देविदासच्या कपाळावर घाम आला. एकाचे पैसे मोजत असताना दुसरा पुढं येई, त्याला बघावं तर आधीचा आकडा विसरे. चष्मा नाकावरून घसरला तो वर करायला हात मोकळा नव्हता. लोक म्हणजे काय जनावरं आहेत का, रांगेत नीट उभं राहता येत नाही का, असं तो त्या मुकाट उभ्या असलेल्या परदेशी माणसांना म्हणाला. बाई एकेका थांब्यावर इंजिन चालू ठेवून बसत आणि तिकिटं झाली की गाडी काढत. रस्ता लांब होता, गाव मागं पडलं, चढ आला. चढाला त्यांनी तिसरा टाकला आणि गाडी न थरथरता वर गेली.

असं आठ थांबे झाले. नवव्यावर दार उघडलं तशी देविदासनं मान मोडली, बोटं मोडली आणि उठून उभा राहिला.

"चला, लई झालं," तो म्हणाला. "सरा आता, बाई. उतार लागतोय पुढं, मी घेतो. तुम्ही तिकिटं बगा."

त्यानं हे सहज म्हटलं. वाईट मनात काही नव्हतं. इतकी वर्षं जे होतं तेच तो बोलत होता. आणि बाईसुद्धा इतकी वर्षं जे होतं तसं अर्ध्या उठल्याही. गुडघे सरळ झाले, पाय क्लचवरून निघाला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उठतोय.

त्या परत खाली बसल्या. क्लचवर पाय ठेवला.

"न्हाई सरत," त्या म्हणाल्या.

देविदास उभाच राहिला. एवढ्या वर्षांत बाईंनी त्याला उशिराबद्दल, शिव्यांबद्दल, तंबाखूबद्दल पुष्कळ ऐकवलं होतं, पण त्या खुर्चीवरून कधी नाही म्हटलं नव्हतं. कारण त्या खुर्चीवर कधी बसल्याच नव्हत्या. त्यानं त्यांच्या हातांकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग गुडघ्यावर हात टेकून तो हळूच खुर्चीत बसला आणि चाचपडत माऊस धरला.

"तिकिटं झाली का तुमची?" बाईंनी विचारलं.

"न्हाई आजून. दोघं हायत," तो म्हणाला. "ह्या पोरीकडं मोठी नोट हाय."

"होऊ द्या सावकाश. मी थांबते."

गाडी घुरघुरत उभी होती. दुपारचे साडेतीन वाजले होते, गेममधल्या वेळापत्रकाप्रमाणं त्या सात मिनिटं लेट होत्या, आणि आपल्या कंडक्टरची वाट बघत पंचफुलाबाई स्टेअरिंगवर हात ठेवून आरामात बसल्या होत्या.